नॅनो चांदी, नॅनो तांबं आणि आपल्या ओढ्यातले मासे

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

शेततळ्यातल्या माशांना रोग पडला की "नॅनो सिल्व्हर ओता" असा सल्ला आता आपल्याकडच्या औषधांच्या दुकानांत मिळू लागलाय. द्राक्षाला नॅनो कॉपर, भाजीला नॅनो झिंक. बेळगाव तालुक्यातल्या ओळखीच्या शेततळेवाल्यांनी मला विचारलं, "सर, हे माशांना चालतं का?" फोनवर उत्तर देऊन समाधान होईना, म्हणून हा धागा. मी प्राणिशास्त्र शिकवतो. माशांवरच्या विषचाचण्या हा माझ्या अभ्यासाचा विषय होता. खत-औषध विकण्याशी माझा काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचा कण. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार ते १ लाख नॅनोमीटरच्या आसपास असते, त्यावरून अंदाज घ्या. धातू इतका बारीक केला की तेवढ्याच वजनाचा पृष्ठभाग अफाट वाढतो, आणि पाण्याशी धातूचा जो काही व्यवहार होतो तो पृष्ठभागावरच. चांदीचं कडं तळ्यात पडलं तर माशाला त्याचा पत्ताही लागणार नाही. तेवढीच चांदी नॅनो करून सोडली की प्रत्येक कणावरून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले सुटे अणू, पाण्यात सुटत राहतात. आणि सुटा चांदीचा आयन हे गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी अत्यंत जहाल विष आहे, पाऱ्याच्या पंगतीला बसणारं.

मारतं कसं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात मीठ भरपूर, बाहेरच्या पाण्यात जवळजवळ नाहीच. त्यामुळं अंगातलं मीठ सतत बाहेर झिरपतं. हा तोटा भरून काढायला कल्ल्यांत खास पेशी असतात, त्या पाण्यातला सोडियम खेचून रक्तात घेतात. त्यासाठी सोडियम-पोटॅशियम एटीपेज नावाचं विकर लागतं. चांदीचा आयन नेमका त्याच विकराला जाऊन बसतो. भरणं थांबतं, झिरपणं चालूच राहतं. रक्तातलं सोडियम आणि क्लोराइड उतरतं, रक्त दाट होतं, हृदय थकतं. वरून बघाल तर ना जखम ना डाग. तांब्याचा आयनही बराचसा याच वाटेनं जातो.

याशिवाय कणांचा स्वतःचा त्रास वेगळा. कल्ल्याच्या पात्यावरचा नाजूक पापुद्रा हीच माशाची श्वास घेण्याची जागा. तांब्याच्या नॅनोकणांत ठेवलेल्या झेब्राफिशचा कल्ला सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की पेशी बेसुमार वाढून पाती जाड झालेली दिसतात. इतर धातूंच्या चाचण्यांतही पापुद्रा खालच्या रक्तवाहिनीपासून सुटून उचललेला, पात्यांची टोकं गदेसारखी फुगलेली, शेजारशेजारची पाती चिकटून एक झालेली असे नमुने मिळतात. वर बुळबुळीत स्रावाचा थर. म्हणजे पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही तो रक्तापर्यंत पोचत नाही.

सगळे धातू एका माळेचे मणी नाहीत मात्र. झिंक ऑक्साइड पाण्यात विरघळतं, त्यामुळं त्याचं बरंचसं विष विरघळलेल्या जस्ताचं. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये असतं ते, जवळजवळ विरघळत नाही. अंधाऱ्या प्रयोगशाळेत ते सौम्य वाटतं, पण उन्हातल्या अतिनील किरणांत त्याच्या पृष्ठभागावर पेशींना जाळणारे प्राणवायूचे उग्र प्रकार तयार होतात. पाणपिसवांवर, म्हणजे डाफ्निया नावाच्या पाण्यातल्या बारीक किड्यांसारख्या जिवांवर, ते थरासारखं चिकटतं आणि बिचाऱ्यांना कात टाकता येत नाही. पाणपिसवा मेल्या तर माशांच्या पिल्लांनी खायचं काय?

आणखी एक. बाटलीवर "नॅनो" दिसलं की सगळं एकच समजू नका. नॅनो युरिया २०२१ पासून बाजारात आहे, त्यात नत्र आहे, धातू नाही. हा धागा फक्त धातूंचा.

प्रश्न विचारा. जमेल तसं उत्तर देईन.

निपाणीकर

वाचनखूण साठवली. पण सर, स्पष्ट बोलतो. आमच्याकडं वेदगंगा-दूधगंगेत नाहीतर पलीकडं पंचगंगेत मासे मरतात ते कारखान्याच्या मळीनं नि शहरांच्या सांडपाण्यानं. हे काय नॅनो-बिनो शोधायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, नाक पुरतं. आधीच मळीवाले हात झटकून मोकळे होतात. आता त्यांना नवीन सबब द्यायची का?

मार्कंडेयकाठ

निपाणीकर, मुद्दा शंभर टक्के मान्य. नदीला फेस, काळं पाणी, वास, आणि पहाटे हजारो मासे वर तोंड काढून आ वासतायत असं चित्र असेल तर ते प्राणवायू संपल्याचं. सेंद्रिय घाण कुजताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. अशा वेळी बऱ्याचदा मोठे मासे आधी जातात, कारण त्यांना प्राणवायू जास्त लागतो. विषबाधेत उलट, बहुधा पिल्लं नि लहान मासे आधी. हा काही कायदा नव्हे, पण पंचनाम्यात "कुठल्या आकाराचे मेले, किती वाजता मेले" एवढं जरी कुणी लिहून घेतलं तरी अर्धी दिशा मिळते. ते कुणी लिहीत नाही.

कृष्णेसारख्या मोठ्या नदीत नॅनो धातूनं मासे पटापट मरतील असं मी म्हणत नाहीच. मला काळजी आहे ती लहान पाण्याची: शेततळी, डोह, भाताची खाचरं.

गल्लीतला_बाळू

काका, एवढं सगळं वाचलो बघा. आमची आई विचारूल्या, मग कॅम्पातल्या मार्केटातनं मासे आणायचे का नाही? बुधवार आलाय की वो!

मार्कंडेयकाठ

बाळू, आईंना सांग, खुशाल आण म्हणावं. तिथले बांगडे-सुरमई समुद्राचे, गोवा-कारवारकडून येणारे. आणि गोड्या पाण्यातल्या माशातही चांदी-तांबं साठतं ते मुख्यतः यकृतात, मूत्रपिंडात नि कल्ल्यांत. आपण खातो त्या मांसात कमी. कल्ले नि आतडी आई तशीही काढून टाकतच असतील. इथं प्रश्न माशाच्या जिवाचा आहे, आपल्या ताटाचा नंतर.

गल्लीतला_बाळू

हां मग ठीक. कढीला कोकम टाकूल्या आता.

अथणीची_द्राक्षं

सर, तुमचा धागा वाचून माझी थोडी चिडचिड झाली, ती सांगतो. आम्ही पिढ्यान् पिढ्या मोरचूद-चुना, म्हणजे बोर्डो मिश्रण, मारतोय. ते नसतं तर केवडा रोगानं बागा गेल्या असत्या. आता कुणी म्हणतं तांबं कमी वापरा, म्हणून नॅनो आलं: कमी तांब्यात तेवढंच काम. म्हणजे नॅनोमुळं पाण्यात जाणारं तांबं उलट घटलंच ना? मग नॅनोच्या नावानं शिमगा कशाला?

मार्कंडेयकाठ

शिमगा नाही हो, हिशेब करू.

एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद, १ किलो चुना. मोरचुदात तांबं साधारण पाव भाग, म्हणजे २५० ग्रॅम. एका लिटरला अडीच ग्रॅम. पंपाच्या तळाशी नि पिंपात मिळून १० लिटर उरलं, तर त्यात २५ ग्रॅम तांबं. हे २० लाख लिटरच्या भरलेल्या शेततळ्यात ओतलंत तर सगळीकडं मिसळून लिटरला साडेबारा मायक्रोग्रॅम. फार नाही, पण शून्यही नाही. तेच १० लिटर उन्हाळ्यात ओढ्याच्या डोहात ओतलंत, डोह १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, मीटरभर खोल, म्हणजे ५० हजार लिटर, तर लिटरला ५०० मायक्रोग्रॅम. हलक्या पाण्यात ट्राउटसारखे नाजूक मासे काही दशक मायक्रोग्रॅमला मरतात. आपले रोहू-कटला त्यापेक्षा चिवट, पण ५०० म्हणजे त्यांनाही जड जाणारं.

बोर्डोत एक सोय आहे: चुन्यामुळं बहुतेक तांबं हायड्रॉक्साइडच्या साक्यात अडकलेलं असतं, एकदम सुटत नाही. म्हणजे वरचा आकडा हा कमाल समजा. आणि तुमचं म्हणणं बरोबरच आहे, एकरी तांबं खरोखर कमी पडत असेल तर नॅनो हा फायदाच. बाटलीवर तांब्याची टक्केवारी असते, फवारणीला किती मिली लागतं ते असतं. वर केला तसा हिशेब स्वतः करून दोन्हींची तुलना करा. फक्त "कमी तांबं" म्हणजे "कमी विष" हे गणित पाण्यात सरळ चालत नाही, कारण बारीक कण तेवढ्याच तांब्यातून जास्त वेगानं आयन सोडू शकतात. वर कणाला कसलं आवरण दिलंय त्यावरही आहे.

अथणीची_द्राक्षं

हिशेब पटला. पिंप धुतलेलं पाणी आमच्याकडं बांधाच्या चरीतच जातं. चर कुठं जाते ते सांगायला नको.

हिरण्यकेशी

मी संकेश्वरजवळची. माझ्या दिरांच्या शेततळ्यात माशांच्या अंगावर लाल चट्टे पडले होते. दुकानदारानं नॅनो सिल्व्हर दिलं, "जंतू मरतात, मासा वाचतो" म्हणाला. बाटलीवर सगळं इंग्रजी नि कन्नड. सासरे मराठी शाळेतले, दिरांना इंग्रजी जेमतेम. झाकणानं मोजून ओतलं. चट्ट्यांचं काय झालं ते राहू दे, पण तळ्यातलं पाणी जे हिरवट असायचं ते नितळ झालं, आणि घरात सगळे खूश! मला तेव्हाच खटकलं. हिरवं पाणी म्हणजे माशांचं खाणं ना?

मार्कंडेयकाठ

ताई, तुमचं खटकणं अगदी योग्य जागी आहे. ती हिरवट झाक म्हणजे सूक्ष्म शेवाळ. त्यावर पाणपिसवा जगतात, पाणपिसवांवर पिल्लं. दिवसा तळ्याला प्राणवायूही मुख्यतः तेच देतं. चांदी जंतूंना मारते, पण कोणता जंतू रोगाचा नि कोणता कामाचा हे तिला कळत नाही. कुजलेलं खाद्य आणि विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणूही त्यात जातात, मग अमोनिया साठतो. मासे आठ-दहा दिवसांनी सुस्त पडले तर दोष कुणाला देणार?

आणि संवेदनशीलतेची उतरंड लक्षात घ्या. चांदीच्या आयनाला पाणपिसू लिटरला मायक्रोग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी मात्रेत मरते. रेनबो ट्राउटला पाच ते काही दशक मायक्रोग्रॅम पुरतात. माणसाच्या पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, चांदीला लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम चालवून घेतं. तांब्याला दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. थोडक्यात, तुम्ही-आम्ही निर्धास्त प्यावं असं पाणी पाणपिसवेला स्मशान ठरू शकतं. त्यामुळं "हे पाणी प्यायलो तरी काही होत नाही" असं दुकानदारानं पिऊन दाखवलं तरी त्यातून माशाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

चट्टे पडल्यावर पहिलं काम पाणी. थोडं बदला, खाद्य कमी करा, सामू (पीएच) बघून चुना द्या, आणि मत्स्य विभागाच्या माणसाला मासा जिवंत असताना दाखवा.

सीमेवरचा_म्हातारा

बाटलीवर मराठी का नाही, हाच तर खरा प्रश्न आहे! १९५६ पासून

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग काढला आहे. सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, तिथं मनसोक्त लिहा. इथं मासे.

निपाणीकर

=)) आजोबा, मासे द्विभाषिक असतात.

हिरण्यकेशी

आजोबांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही पण. मात्रा चुकली तर मासा मरतो, मग मात्रा वाचता आली पाहिजे. आमच्या शेजारच्या कन्नड मावशींनी शेवटी बाटली वाचून दाखवली. मात्रा झाकणात नव्हती, एकराला नि पाण्याच्या खोलीला होती.

जांबोटीकर

सर, आमच्या भागाबद्दल काही लिहा की. इथं खानापूर तालुक्यात शेततळी कमी, ओढे जास्त. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिकडं पश्चिमेला म्हादईचं पाणी. मिरग लागला की पहिल्या दोन-चार मोठ्या पावसांत मासे ओढ्यातनं उलटे चढतात, थेट भाताच्या खाचरात. आम्ही चढणीचे मासे म्हणतो. रात्री कंदील, बॅटऱ्या घेऊन सगळं गाव बांधावर. माझ्या लहानपणी खाचराच्या तोंडाला लावलेली बुट्टी उचलवत नव्हती. आता तेवढे चढत नाहीत. कारणं शंभर असतील, बंधारे आहेत, ब्लास्टिंग आहे, गाळ आहे. पण फवारण्याही वाढल्यात. त्याचा काही संबंध?

मार्कंडेयकाठ

जांबोटीकर, या सगळ्या धाग्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रश्न तुम्ही विचारलात. म्हणून जरा लांब लिहितो.

पहिली गोष्ट पाण्याची. तुमच्याकडं जांभा दगड, धो धो पाऊस. पाणी हलकं, साबणाला चटकन फेस येणारं. अथणी-गोकाकच्या काळ्या मातीत विहिरीचं पाणी जड, क्षारांचं. जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कल्ल्यावरच्या त्याच जागांसाठी तांब्याशी भांडतं, नि बऱ्याच वेळा जिंकतं. शिवाय जड पाण्यात नॅनोकण एकमेकांना चिकटून गोळे होतात नि तळाला बसतात. हलक्या पाण्यात यातलं काहीच नीट होत नाही: कण सुटे राहतात, आयनाला कुणी अडवत नाही. एकच बाटली, एकच मात्रा, अथणीत माशाला फारसं काही नाही आणि जांबोटीत तोच मासा उलटा, हे शक्य आहे. बाटलीवरची मात्रा मात्र साऱ्या राज्याला एकच.

तुमच्या बाजूनं एक गोष्ट आहे. जंगलातल्या ओढ्याचं पाणी पानांच्या अर्कानं चहाच्या रंगाचं असतं ना? कुजलेल्या पानांतली ती द्रव्यं धातूच्या आयनाला धरून ठेवतात, कणाभोवती वेष्टण करतात, विष उतरवतात. पण पहिल्या पावसाच्या लोंढ्यात शेताचं पाणी त्यापुढं जातं.

दुसरी गोष्ट वेळेची. चढणीचे मासे येतात अंडी घालायला. माशाच्या आयुष्यात सगळ्यात नाजूक काळ अंड्याचा आणि पिल्लाचा. प्रयोगशाळेत जगभर वापरला जाणारा झेब्राफिश मूळचा आपल्याच उपखंडातला, संथ ओढ्यात नि भातखाचरात राहणारा. त्याच्या अंड्याच्या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात, साधारण अर्ध्या मायक्रोमीटरची. नॅनोकण त्यातून आरपार आत जातात, हे प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. चांदीच्या कणांत वाढलेल्या भ्रूणांचा पाठीचा कणा वाकडा होतो, हृदयाभोवती पाणी साठतं, ठोके मंदावतात. मात्रा कमी असेल तर अंडं फुटतं, पिल्लू बाहेर येतं, फक्त धड पोहता येत नाही. असं पिल्लू कुठल्या पंचनाम्यात येणार?

तिसरी गोष्ट वासाची. तांबं माशाचं नाक बधिर करतं. सामन माशांवरच्या प्रयोगांत लिटरला दोन-तीन मायक्रोग्रॅम विरघळलेलं तांबं काही तासांत वास घेण्याची ताकद घटवतं असं दिसलं. जखमी भाईबंदाच्या कातडीतून जो धोक्याचा वास सुटतो, तो कळला की मासा जागीच थिजतो. नाक बधिर झालेला मासा निवांत फिरत राहतो आणि कुणाच्या तरी तोंडी जातो. सामन वासावरच आपला ओढा शोधतो. आपल्या चढणीच्या माशांचं तसंच आहे असं ठामपणे लिहिणार नाही, पण वाहत्या पाण्याला तोंड देत चढणाऱ्या माशाला नाकाची गरज नसेल असं मानायला मी तयार नाही.

म्हणून तुमच्या भागात मिरगाच्या तोंडावर, पाऊस डोक्यावर असताना, ओढ्यालगत धातूची कुठलीही फवारणी नको. ती नॅनो असो वा साधी.

जांबोटीकर

पाणी चहाच्या रंगाचं असतं हे खरं. हे ग्रामसभेत वाचून दाखवलं तर चालेल का?

मार्कंडेयकाठ

चालेल. कन्नडमध्येही कुणाकडून तरी करून घ्या.

कुंदानगरीची_केमिस्ट

माहितीपूर्ण धागा. आता आमच्या गोटातली गोष्ट सांगते, कारण शेतकऱ्यांनाच बोल लावणं बरं नव्हे.

रसायनशास्त्राच्या एमएस्सीला "हरित पद्धतीनं चांदीचे नॅनोकण" हा प्रकल्प कर्नाटक-महाराष्ट्रात गल्लोगल्ली चालतो. तुळस, कडुलिंब, कढीपत्ता, जे हाताला येईल त्याच्या पानांचा काढा करायचा, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात थेंब थेंब घालायचा. पाण्यासारखं द्रावण आधी पिवळट, मग मधासारखं, मग काळ्या चहासारखं तपकिरी होतं. द्रावण कुठला प्रकाश शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रात ४२० नॅनोमीटरच्या आसपास शिखर आलं, म्हणजे कण तयार झाले, की टाळ्या. मी स्वतः केलंय, बघायला खरंच देखणं असतं.

आणि मग? फ्लास्क धुतला, मोरीत. एका प्रयोगशाळेत तर बेसिनखालचा पाइप काळाठिक्कर पडलेला होता, नाव सांगत नाही. एक मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटच्या एका लिटरमध्ये १०८ मिलिग्रॅम चांदी असते. सरांनी वर दिलेल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपर्यंत आणायला ती हजार लिटर पाण्यात मिसळावी लागेल. पाणपिसवेच्या मर्यादेपर्यंत आणायला एक लाख लिटर. आणि प्रबंधात लिहायचं "पर्यावरणपूरक". काढा तुळशीचा असला तरी चांदी ती चांदीच.

उपाय साधा आहे. उरलेल्या द्रावणात मीठ टाका, उरलेले चांदीचे आयन क्लोराइड होऊन पांढऱ्या साक्यासारखे खाली बसतात. कण आधी नायट्रिक आम्लात विरघळवून घेतले तर तेही येतात. गाळ साठवा. हुपरीला चांदीकामवाले झाडलोटीतली धूळसुद्धा जपून ठेवतात, आपण फ्लास्कभर चांदी मोरीत सोडतो!

पुण्यात_अडकलेला

सगळं वाचलं. मी सांडपाणी प्रक्रियेत काम करतो. थोडं पाणी ओततो उत्साहावर.

बेसिनमधून गेलेली चांदी नदीपर्यंत त्याच रूपात पोचत नाही. गटारात, प्रक्रिया केंद्रात सल्फाइड असतं, त्यात तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं. ते जवळजवळ विरघळत नाही आणि विष बरंच उतरतं. बहुतेक चांदी गाळात जाते. परदेशात नदीच्या पाण्यात नॅनो चांदीचे जे अंदाज निघालेत ते लिटरला नॅनोग्रॅमच्या घरातले, म्हणजे सर हजार-हजार पट मोठ्या मात्रा सांगतायत. काचेच्या टाकीत ९६ तास कोंडलेला मासा आणि नदीतला मासा यात फरक आहे. नॅनोकणाचं विष की आयनाचं, यावरही वाद मिटलेला नाही. शेवाळावरच्या एका प्रयोगात सिस्टीन हे अमिनो आम्ल घालून आयन बांधून टाकले तर विषच गेलं. मग "नॅनो" असं वेगळं भूत उभं का करायचं? चांदी म्हणा, तांबं म्हणा, संपलं.

मार्कंडेयकाठ

पुण्यात_अडकलेला, असे प्रतिसाद हवेच असतात. सल्फाइडचं तुम्ही म्हणता ते तंतोतंत. फक्त त्यासाठी प्रक्रिया केंद्र असावं लागतं. शेततळ्याला, खाचराला, बांधाच्या चरीला ते नाही. आणि गाळ कुठं जातो? बऱ्याच ठिकाणी शेतात, खत म्हणून.

टाकी आणि नदी यातल्या फरकावर एक मोठा प्रयोग झालाय. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात संशोधनासाठीच राखलेली सरोवरं आहेत. त्यातल्या २२२ क्रमांकाच्या सरोवरात २०१४ आणि २०१५ या दोन उन्हाळ्यांत नॅनो चांदी सोडली, पाण्यात लिटरला काही मायक्रोग्रॅम राहील इतकीच. मासे उलटे होऊन तरंगले नाहीत. पण यलो पर्च जातीच्या माशांचं खाणं घटलं, संख्या घटली. त्यांना खाणाऱ्या पाइक माशांच्या यकृतात चांदी साठली. ९६ तासांची चाचणी एवढंच सांगते की किती मात्रेला निम्मे मासे मरतात. उरलेले निम्मे कसे जगले ते ती विचारत नाही.

आयनाच्या वादात मी तुमच्याच बाजूला झुकतो, बहुतेक विष आयनाचंच. पण कण आयनाला आडवाटेनं आत नेतो: पाणपिसू पाणी गाळून खाते, कण तिच्या पोटात जातो, तिला खाणाऱ्या माशाच्या पोटात जातो, आणि तिथं जाऊन विरघळतो. तळाला बसलेले गोळे शिंपल्यांच्या नि गाळातल्या अळ्यांच्या वाट्याला. शेततळेवाल्यांनी हे लक्षात घ्या: कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाचं. जड पाण्याच्या तळ्यात पहिला मार मृगळ खाणार.

पुण्यात_अडकलेला

सरोवराचं माहीत नव्हतं. बघतो. गाळाबद्दल सहमत, तिथं आमच्या क्षेत्राची बाजू लंगडी आहे.

निपाणीकर

मग याला काही कायदा-बियदा? प्रदूषण मंडळ काय मोजतं?

मार्कंडेयकाठ

केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीचं पाणी म्हणजे "ड" वर्ग. त्याच्या अटी तीन: सामू ६.५ ते ८.५, विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम. धातूचं नाव नाही. म्हणजे तांब्यानं नाक गेलेले मासे असलेला ओढा कागदावर "ड" वर्गात उत्तम पास. नॅनो शेती-उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी केंद्रानं २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती उत्पादन बाजारात येण्याआधीच्या तपासणीची, ओढ्यावर कुणी लक्ष ठेवण्याची नव्हेत.

गल्लीतला_बाळू

काका, कढी झाली. बांगडा फस्त. एक शंका आहे, आमच्या घरच्या फिल्टरमध्ये पण चांदी हाय म्हणूल्यात. त्याचं पाणी माशाच्या टाकीत घालूलोय मी.

मार्कंडेयकाठ

नको घालू. त्या कार्बनवर चांदी लावलेली असू शकते, थोडी थोडी सुटते. तुला काही होणार नाही, टाकीतल्या गप्पीला होईल. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावर घाल.

जांबोटीकर

शेवटचं विचारतो. यंदा ओढ्यात मासे मेलेले दिसले तर नमुना कसा घ्यायचा? दरवेळी कुणीतरी बिसलेरीच्या बाटलीत पाणी भरतं, आठवडाभर घरात ठेवतं.

मार्कंडेयकाठ

नवीन प्लास्टिकची बाटली, काचेची नको, त्याच ओढ्याच्या पाण्यानं तीनदा विसळा. दोन बाटल्या घ्या: एक मासे मेलेत तिथली, एक त्याच्या वरच्या अंगाची, जिथं सगळं ठीक आहे. वरची नसेल तर खालच्या आकड्याला अर्थ नाही. धातूच्या तपासणीला बाटलीत थोडं नायट्रिक आम्ल घालावं लागतं, ते तुम्ही घालू नका, प्रयोगशाळेला आधी फोन करून त्यांच्याकडूनच आम्ल घातलेली बाटली मागा. तशी मिळाली तर ती विसळायची नाही. गारठ्यात ठेवा, त्याच दिवशी पोचवा. तारीख, वेळ, आदल्या दिवशी पाऊस झाला का, आसपास कुणी काय फवारलं, हे कागदावर.

मासा मेलेला नको, मरायला टेकलेला हवा. मेल्यावर कल्ला काही तासांत सडतो, मग त्यात वाचण्यासारखं काही उरत नाही. डाव्या बाजूचं झाकण उचलून कल्ल्याची पहिली कमान कापा, फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाका. फॉर्मॅलिन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून बघा. हातमोजे घाला.

जांबोटीकर

बाटल्या नि फॉर्मॅलिन मिरगाआधी आणून शाळेच्या कपाटात ठेवतो. किल्ली मास्तरांकडं.